माशांना देवी आल्या

मी आजारी मासे विकत घेतले आणि ते लोकांना भेट म्हणून वाटले.

चूक ही अशी एका ओळीत सांगून होते. निस्तरायला नऊ दिवस लागले, आणि रजा होती चार दिवसांची. हवापालट म्हणून पालघर-तारापूरकडे गेलो होतो. परतल्यावर कचेरीत साहेबांनी विचारलं, "काय, हवा मानवली का?" म्हटलं, "मला हवा मानवली, साहेब. हवेला मी मानवलो नाही."

मासे घेतले मुंबईच्या बाजारात, निघायच्या आदल्या संध्याकाळी. काचेच्या पेटीत तांबूस-सोनेरी मासे फिरत होते आणि त्यांतल्या अकरा जणांच्या अंगावर पांढरेशुभ्र दाणे होते. शिऱ्यासाठी घेतलेला रवा कुणी चिमटीने वरून भुरभुरवावा, तसे. मी दाण्यांकडे बघतोय हे दुकानदाराने बघितलं आणि माझ्याकडे बघून त्याला जे समजायचं ते समजलं. "मोतीवाला माल आहे," तो म्हणाला. "सगळ्यांना नाही दाखवत." आता सगळ्यांना न दाखवायचा माल पेटीत अगदी पुढे का ठेवला होता, आणि साध्या माशांपेक्षा स्वस्त का होता, हे त्याला विचारायला हवं होतं. मी विचारलं ते असं: "अकराच आहेत का हो?"

बिस्किटांच्या मोठ्या डब्याच्या झाकणाला भोकं पाडली, त्यात पाणी घातलं आणि अकरा मोतीवाले घेऊन निघालो.

पालघर, गुरुवार आणि शुक्रवारची सकाळ

पालघरला माझा कॉलेजातला मित्र नाना वकिली करतो. स्टेशनापासून टांग्याने दहा-पंधरा मिनिटांवर त्याचं घर. वकिली बरी चालते याचा पुरावा म्हणून त्याने अंगणात सिमेंटचं गोल टाकं बांधलंय आणि त्यात मधोमध सिमेंटचा बगळा उभा केलाय. बगळ्याच्या चोचीतून पाणी उडतं. नाना आलेल्या प्रत्येक माणसाला आधी बगळा दाखवतो, मग पाणी विचारतो. टाक्यात आजवर कमळाची दोन पानं आणि बेडूक एवढाच संसार होता, त्यामुळे माझे पाच मासे बघून तो लहान पोरासारखा खूष झाला.

"मोतीवाले आहेत," मी म्हणालो.

"दिसतायत ना!" नाना म्हणाला. वकील आणि कारकून, दोघांपैकी एकालाही शंका आली नाही.

शंका म्हणता येणार नाही, पण प्रश्न विचारला तो नानाच्या माळ्याने. गोमा त्याचं नाव. कुंपणापलीकडे तळं आहे आणि तळ्याच्या कडेला पाडा, तिथे राहणारा. साठीचा असेल. बोलणं इतकं कमी, की पहिला अर्धा तास मला वाटलं याला ऐकू येत नाही. तो टाक्यावर वाकला, माशांकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हे खायाचे का बगायाचे?"

"बघायचे."

"मंग ऱ्हाऊद्या."

टाक्याची रचना नानाने मला वकिली तपशिलासकट समजावली. तळाला लाकडी बूच. दर शनिवारी ऊन उतरलं, म्हणजे चारच्या सुमाराला, गोमा ते बूच काढतो. पाणी पाटाने केळींना जातं आणि केळींचं पोट भरलं की उरलेलं कुंपणाखालून तळ्यात. मग टाकं घासून पुन्हा भरायचं. "एक थेंब वाया जात नाही," नाना म्हणाला. दोन दिवसांनी हे वाक्य आठवून मला घाम फुटणार होता, पण तेव्हा मी मान डोलावली.

संध्याकाळी गोमाबरोबर तळ्यावर गेलो. थंडीचे दिवस, पाण्यावर हिरवट ऊन, आणि पलीकडच्या काठाला भाताच्या कापलेल्या खुंटांत बगळे, हे खरे. गोमाने खांद्यावरचं जाळं झटकन फेकलं. गोल उघडणाऱ्या त्या जाळ्याला इकडे पाग म्हणतात. ओढलं तर बोटभर खवली मासळी आणि एक मरळ. मरळ हातात घेऊन त्याने पुन्हा पाण्यात सोडली.

"का रे? एवढी चांगली होती."

"आता नाय. आवणी झाली का घरातला भात संपतो. मंग दोन म्हयने आमी या तळ्यावरच. आख्खा पाडा." आवणी म्हणजे पावसातली भातलावणी. जरा थांबून तो म्हणाला, "तवा लागल ती."

मुंबईत माझ्या घरी फडताळात डबे असतात. यांचा डबा हा असा उघड्यावर, पाण्याखाली, शेपटी हलवत फिरतो, आणि ज्याला भूक लागलीय तोच तो सहा महिने राखून ठेवतो. मला मोठं कौतुक वाटलं. कौतुक करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

बोईसर ते तारापूर

शुक्रवारी बोईसरला उतरलो. स्टेशनाबाहेर मराठीपेक्षा हिंदी जास्त ऐकू येत होतं. तारापूरच्या बाजूला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललंय, त्यामुळे सिमेंट, सळया आणि माणसं यांची रीघ लागलेली. चहावाल्याने मला "मद्रास से आया?" असं विचारलं. कपाळावरच्या आठ्या सोडल्या तर माझ्यात मद्रासचं काही नाही.

तारापूर गावात माझे साडू राहतात. आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणतो. जनावरांचे डॉक्टर, आता निवृत्त होऊन नारळ आणि चिकूची वाडी बघतात. माणसांशीही ते जनावरांच्या डॉक्टरासारखे वागतात, म्हणजे आधी डोळे बघतात आणि तोंडाने सांगितलेल्या लक्षणांवर विश्वास ठेवत नाहीत. त्यांच्या विहिरीजवळ दगडी हौद आहे. मी डबा घेऊन थेट हौदापाशी गेलो आणि झाकण उघडून, काहीतरी समारंभाचं बोलावं म्हणून घसा साफ केला.

"थांब," भाऊसाहेब म्हणाले. "घंगाळात ठेव."

"अहो, हौदासाठी आणलेत."

"नवं जनावर मी गोठ्यात घेत नाही. पंधरा दिवस वेगळं बांधतो. म्हैस असो नाहीतर हे."

म्हशीच्या रांगेत बसवल्याचा माझ्या माशांना नसेल, पण मला राग आला. माझ्या मेहुणीने, त्यांना आम्ही अक्का म्हणतो, तांब्याचं जुनं घंगाळ कल्हई लावलेलं काढून दिलं आणि मासे मागच्या पडवीत गेले. रात्री जेवायला ताजे बोंबील होते. मुंबईतही आम्ही बोंबील खातो, पण इथल्या बोंबलाला तव्यावर टाकल्यावर आपण बोंबील आहोत हे सिद्ध करावं लागत नाही. तरी मी रागाने दोन कमी खाल्ले.

शनिवारी सकाळी मासळीची पाटी घेऊन तुळसाबाई आली. अक्कांची नेहमीची कोळीण. पाटी उतरवायला ती पडवीत टेकली, घंगाळात डोकावली आणि एकदम मागे सरली.

"अगो बाय! यांना देवी आल्यात!"

मी खो खो हसलो. "मोती आहेत ते, बाई."

"मोती?" ती माझ्याकडे बघून अक्कांना म्हणाली, "हे कोन तुमचे?"

"धाकटीचे यजमान," अक्का म्हणाल्या. आवाजात जरा माफी होती.

तुळसाबाई सांगू लागली. तिच्या माहेरी कुणा साहेबाच्या बंगल्यात असेच तांबडे मासे होते. साहेबाची बदली झाली, तेव्हा दया येऊन कुणीतरी ते गावतळ्यात सोडले. "आठ दिसांत तळ्यातले मासे कसे फुलल्यावानी पांडरे झाले. दगडांना आंग घासायचे, वर येऊन तोंड उगडायचे. मंग पोटां वर. पाटीनं काढली मासळी, पन खायाला नाय, पुरायला. दोन वरसां तळा मुका होता."

तोवर भाऊसाहेब भिंग घेऊन आले होते. त्यांनी एक मासा ओंजळीत धरला, उजेडात नेला, आणि भिंग माझ्या हातात दिलं. मोती म्हणून मी बघत होतो त्या दाण्याभोवतीची कातडी सुजलेली होती. निरखून बघितलं तर दाणा हलल्यासारखा वाटला.

"हा दाणा म्हणजे जिवंत किडा आहे," ते म्हणाले. "कातडीखाली बसून खातो. पोट भरलं की गळून तळाला जातो, तिथे फुटतो, आणि त्याची शेकडो पिल्लं नवा मासा शोधत पाण्यात सुटतात. मासा मिळाला नाही तर मरतात. म्हणून सगळं पाण्यावर आहे. पाणी जिथे जाईल तिथे रोग जाईल. तुझे बाकीचे पाच कुठेत?"

"नानाच्या टाक्यात."

"त्या टाक्याचं पाणी कुठे जातं?"

घड्याळात साडेदहा झाले होते. वार शनिवार. मी तोंड उघडलं, पण "एक थेंब वाया जात नाही" एवढंच त्यातून बाहेर पडलं.

पुन्हा पालघर

भाऊसाहेबांनी दोन मिनिटांत सूचना दिल्या. बूच काढायचं नाही. मासे वेगळ्या भांड्यात. टाक्यात भरपूर मीठ, आणि ते खारं पाणी नारळाच्या आळ्यात टाकायचं, नारळाला मीठ चालतं. केळीला नाही आणि तळ्याला तर नाहीच. टाकं उन्हात कडक वाळवायचं. बादली, जाळी, हात, टाक्यात गेलेलं काहीही वाळल्याशिवाय तळ्याला लावायचं नाही. मेलेला मासा चुन्यात पुरायचा.

मी आधी पोस्टात धावलो. तार करायची तर इंग्रजीत, आणि बूचाला इंग्रजीत काय म्हणतात ते त्या घाईत आठवेना. 'कॉर्क काढू नका, गंभीर, मी येतोय' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं. मास्तरांनी ते दोनदा वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. सध्याच्या दारूबंदीच्या दिवसांत एका वकिलाला अशी तार जाणं कसं दिसतं, हे मला उमगलं तोवर तार गेली होती.

एस.टी. डोळ्यांदेखत सुटली. रस्त्यावर उभं राहून हात केला तेव्हा बोईसरकडे रिकामा परतणारा सिमेंटचा ट्रक थांबला. ड्रायव्हर उत्तरेकडचा. माझा चेहरा बघून त्याने विचारलं, "घर में कोई बीमार है?"

"माता निकली है," मी म्हणालो. देवीला हिंदीत माता म्हणतात एवढं माहीत होतं.

त्याने लगेच विडी विझवली. "किस को? बच्चे को?"

"मछली को."

विझवलेली विडी त्याने कानामागे खोचली आणि कुंभवली गाव मागे टाकलं. मग हळूच म्हणाला, "माता तो माता है." आणि ट्रक असा पळवला की सिमेंटच्या धुळीत मी बोईसरला उतरलो तो नानाच्या बगळ्याच्या रंगाचा होऊन.

गाडी उशिरा आली. पालघरला टांगा मिळेना म्हणून धावलो. नानाच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा गोमा कोपरापर्यंत हात टाक्यात घालून बसला होता.

"बूच!" मी ओरडलो. "काढू नकोस!"

"वयनींनी सांगितलाय," गोमा म्हणाला. "उद्या मामलेदार जेवाया येनार."

नानाच्या सौ., सुमतीवहिनी, ओट्यावरच होत्या. "टाकं शेवाळलंय, भावजी. निघू दे ते पाणी." मी धापा टाकत किडे, पिल्लं, कातडी, सगळं सांगू लागलो. भाऊसाहेब बोलले ते शास्त्र होतं. माझ्या तोंडातून तेच बाहेर पडलं ते बाजारगप्पांसारखं. नाना म्हणाला, "पुरावा काय?" गोमाचा हात पाण्यातच होता. हिरवट पाण्यात त्याची बोटं बुचावर हलताना मला दिसत होती.

"गोमा," मी म्हणालो, "माशांना देवी आल्यात."

त्याचा हात पाण्याबाहेर आला. इतक्या हळू, की पाणी हललं नाही.

तो टाक्यावर वाकून बघत राहिला. एक मासा टाक्याच्या भिंतीला अंग घासत होता. "व्हय," गोमा म्हणाला. "आल्यात." मग उठला आणि कुणाला न विचारता परसातल्या कडुलिंबावर चढला. पंधरा मिनिटांत टाक्याच्या चार बाजूंना चार डहाळ्या बांधून झाल्या. बगळ्याची चोच त्याने फडकं कोंबून बंद केली, म्हणजे वरून पाणी येऊन टाकं भरून वाहायला नको. याचा मला विचारही सुचला नव्हता.

"आता हितलं पानी हितंच," तो म्हणाला. "घरात देवी असली का घरातलं भाईर नाय देत. भांडा नाय, विस्तू नाय, पानी नाय. सात दिस." आणि वहिनींकडे वळून, "वयनी, घरात फोडनी नाय द्यायची."

"काय?" वहिनी म्हणाल्या. "उद्या मामलेदार—"

"देवीला फोडनी सोसत नाय."

नाना माझ्या कानाशी लागला. "सात दिवस पाणी अडवणं तुझ्या शास्त्रात बसतं ना? मग फोडणीही सोस." मी मात्र दुसऱ्या काळजीत होतो. मी मिठाचं काढलं. मिठागरातलं काळपट मीठ इथे हवं तेवढं मिळतं, गोमाला म्हटलं दोन पोती आणू आणि आत्ताच टाकू.

आजवर मला गोमाच्या चेहऱ्यावर राग दिसला नव्हता. "देवीच्या फोडांवर मीठ टाकायचा? तुमच्या पोराला आल्या असत्या त टाकला असतात?"

ज्या शब्दाने पाणी थांबलं त्याच शब्दाने औषधही थांबलं होतं. शब्द माझाच. तडजोड अशी ठरली की सातव्या दिवशी देवीची बोळवण होईल, आणि ती गेली की ते नुसतं टाकं. मग त्यात मीठ टाका नाहीतर साखर. तोवर राखण मी करायची. खरा बगळा किंवा खंड्या टाक्यातला मासा उचलून तळ्यावर नेऊन टाकणार नाही, याची जबाबदारी माझी. कचेरीला रजेचं पत्र लिहिलं. कारणाच्या जागी 'घरात देवी' असं लिहून खोडलं, आणि 'घरगुती अडचण' केलं.

राखणीचे दिवस

रविवारी मामलेदार आले. वहिनींनी गोमाच्या बायकोला विचारून उकडहंडी केली होती: मडक्यात कंद, वालाच्या शेंगा, वांगी आणि हिरवं वाटण कोंबायचं, तोंड बंद करून विस्तवावर ठेवायचं, फोडणी नाही. मामलेदार तिसऱ्यांदा वाढून घेत असताना तारवाला आला. नानाने तार वाचली आणि त्याचा घास अडकला. मामलेदारांनी हात पुढे केला, तार वाचली, नानाकडे पाहिलं आणि अतिशय शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, कसलं कॉर्क?" मग सगळ्यांनी अंगणात जाऊन बूच पाहिलं. सरकारी डोळ्यांना खात्री पटायला वेळ लागतो.

मी त्यांच्याबरोबर हसलो, पण ते हसू पुढे टिकलं नाही. ते गेल्यावर गोमा टाक्याशी बसून म्हणाला, "बरं जालं, तुमी पोचलात. एक थेंब जरी तळ्यात गेला असता..."

इथे मला वाचकांची माफी मागायला हवी. शुक्रवारची सकाळ मी वर नुसती मथळ्यात लिहिली आणि तिच्यातली एक गोष्ट वगळली. विसरलो नव्हतो, लिहायला हात धजला नाही. बोईसरला निघण्यापूर्वी डब्यातलं पाणी गढूळ दिसलं, आणि उरलेल्या सहा माशांना प्रवास सुखाचा व्हावा म्हणून मी तळ्याच्या घाटावर गेलो. अर्धा डबा तळ्यात ओतला आणि ताजं पाणी भरून घेतलं.

एक थेंब नाही, अर्धा डबा.

गप्प राहता आलं असतं. तळं आजारी पडलं असतं तर कुणी माझं नाव घेतलं नसतं. अख्ख्या पाड्याला वाटलं असतं की देवी आपल्या पायांनी कुंपण ओलांडून गेली. पण गोमा टाक्याच्या कडेला बसून डहाळीची वाळकी पानं काढत होता, आणि त्या पाण्यात सोडून दिलेली मरळ माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी सांगून टाकलं.

गोमाने हातातली पानं खाली टाकली. उठला, कडुलिंबाच्या आणखी डहाळ्या तोडल्या आणि घाटावर जाऊन बांधल्या. पाड्यातल्या बायका हंडे घेऊन आल्या होत्या. त्यांना त्याने लांबच्या काठाला पाठवलं. त्या दिवसापासून पाड्याने तळ्यात जाळं टाकलं नाही. कोरड्या भाकरीबरोबर मिरची खाल्ली, आणि मला ठाऊक होतं ती कुणामुळे.

रोज सकाळी गोमा घाटावर पाग टाकायचा. एकटाच. मिळालेला एकेक मासा उलटासुलटा करून बघायचा, कल्ला उचलून बघायचा, सोडायचा. पाग दगडांवर कडक वाळत घालायचा. मी मागे उभा. सोमवारी काही नाही. मंगळवारी काही नाही. टाक्यातले तीन मासे मात्र एकामागून एक गेले. चुना आणायचं काम मी घेतलं, खड्डा त्याने खणला.

बुधवारी मी धीर करून स्वतः एक खवली हातात घेतली, आणि तिच्या पाठीवर दोन पांढरे ठिपके दिसले. घाटाच्या पायरीवर मटकन बसलो. "गोमा," म्हटलं, "आली."

त्याने मासा घेतला. ठिपक्यावर अंगठा घासला. ठिपका पुसला गेला. मग माझा हात धरून उलटा केला आणि बोटांकडे पाहिलं. सकाळपासून काळजीने मी विड्याचं पाचवं पान लावत होतो. चुना माझाच होता.

गुरुवारीही काही नाही.

शुक्रवारी बोळवण. टाक्याच्या कडेला दहीभात, हळदकुंकू, दोन हिरव्या बांगड्या. सगळं झाल्यावर गोमाने डहाळ्या सोडल्या आणि हातात घेऊन उभा राहिला. बोळवणीचं सामान पाण्यात सोडतात हे मला आठवलं, आणि त्या बाजूला पाणी एकच होतं. "गोमा, तळ्यात नको!" मी किंचाळलो.

"कळतंय मला," तो म्हणाला, आणि चुन्याच्या खड्ड्याशेजारी त्याने दुसरा खड्डा खणला.

मग मीठ. दोन पोती. उरलेले दोन मासे भाऊसाहेबांच्या रीतीने घंगाळात गेले. खारं पाणी बादल्यांनी उपसून नारळाच्या आळ्यांत टाकलं. माझ्या तळहातांना फोड आले आणि त्यात मीठ गेलं, तेव्हा गोमाचा राग मला नीट समजला. शनिवारभर टाकं उन्हात पांढरं पडत राहिलं. बगळा त्यात कोरडा उभा.

रविवारी सकाळी शेवटचा पाग. या वेळी नाना आणि वहिनीही घाटावर आले होते, आणि पाड्यातली बरीच माणसं लांबच्या काठाला उभी होती. गोमाने घाटाच्या डावीकडे टाकला, उजवीकडे टाकला, मधे टाकला. मासे पायरीवर ओतले. खवली, कोलंबी, एक मरळ. एकेक उचलून उन्हाकडे धरला. खूप वेळ लागला. मला वाटतं त्याने मुद्दामच वेळ लावला, आणि ते बरोबरच होतं.

"नितळ हाय," तो म्हणाला.

तळं मोठं म्हणून वाचलं, की ऊन कडक होतं म्हणून, की डब्याच्या पाण्याला त्या सकाळी कुणी मासा भेटलाच नाही, ते मला सांगता येणार नाही. भाऊसाहेबांनाही पत्राने विचारलं, त्यांनी उत्तर पाठवलं, "वाचलास. कारण विचारू नकोस." घाटावरच्या डहाळ्या निघाल्या. बायका हंडे घेऊन उतरल्या. कुणीतरी मरळ उचलून आमच्या वहिनींना दिली. माझा जीव आठवड्याने भांड्यात पडला, आणि त्या आनंदात मी पायरीवर उकिडवा बसलो आणि मीठ-चुन्याने भरलेले, पहाटेच टाक्याचा तळ खरवडून आलेले हात पाण्याकडे नेले.

गोमाने माझी दोन्ही मनगटं हवेतच धरली.

"सायेब," तो म्हणाला, "पुडच्या टायमाला मोकळ्या हातांनी या. आन् ते बी मुंबैतच धून या."